कांडणाशिवाय ओवी नाही

सीमाभागातल्या कोणत्याही साहित्य मेळाव्याला जा, दोन गाऱ्हाणी ठरलेली असतात. पहिले व्यासपीठावरून येते. अंगावर शाल, हातात नारळ घेतलेले ज्येष्ठ साहित्यिक म्हणतात, ‘‘या दूरचित्रवाणी मालिकांनी मराठीचे वाटोळे केले. सासू-सुनांची भांडणे लिहिणे हे का साहित्य झाले? खऱ्या लेखकाने त्या वाटेला जाऊ नये.’’ दुसरे गाऱ्हाणे मांडवाच्या मागून, चहाच्या पिंपाजवळून येते. पदवी घेऊन दोन-तीन वर्षे घरी बसलेला एखादा तरुण हळूच सांगतो, ‘‘काका, मालिका लिहायची फार इच्छा आहे. सुरुवातही करतो. पण चार पाने झाली की उत्साह संपतो. मूडच लागत नाही. आणि इथे प्रोत्साहन देणारे तरी कोण आहे?’’

वरवर पाहता या दोघांचे एकमेकांशी जमणारे नाही. पण नीट ऐकले तर दोघांच्या मनात समजूत एकच आहे. लेखन ही वरून उतरणारी गोष्ट आहे, ही ती समजूत. ज्येष्ठांना वाटते, ती रोज उतरत नाही, म्हणून जो रोज लिहितो तो नक्कीच भेसळ करतो. तरुणाला वाटते, ती आज उतरली नाही, म्हणून आज लिहायचे कारण नाही. या एका समजुतीपायी आमच्या भागात किती वह्या अर्ध्यावर राहिल्या आणि किती मुले कंटाळून भलत्याच नोकरीला लागली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ही समजूत खोटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती इतर कुणी बाळगली तर एकवेळ समजू शकते. बसवकल्याणात राहणाऱ्याने बाळगावी, हे मात्र आपल्या गावाचा इतिहास न वाचल्याचे लक्षण आहे.

कल्याणची साक्ष

हे आपले कल्याण चालुक्यांची राजधानी होते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजनीतीपासून पाकशास्त्रापर्यंत आणि हत्तींच्या रोगांपासून गायनापर्यंत सर्व काही त्यात आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना हा ग्रंथ प्रिय आहे तो आणखी एका कारणाने. ओवीचा फार जुना उल्लेख त्यात सापडतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद सोमेश्वराने केली आहे.

‘कांडण करताना’ हे शब्द नीट पाहा. चांदण्यात बसून नव्हे, देवळाच्या ओवरीत डोळे मिटूनही नव्हे. हातात मुसळ, पुढ्यात उखळ, कपाळावर घाम, आणि ओठांवर ओवी. ‘आज मूड नाही’ असे त्या बाईला म्हणता येत नव्हते, कारण धान्य कांडले नाही तर चुलीवर काही चढणार नव्हते. मुसळ उचलले की लय सापडे आणि लय सापडली की शब्द येत. मराठी काव्याचा हा जन्मदाखला आपल्याच गावी लिहिला गेला आणि आपण मात्र उखळाजवळ न जाता ओवी सुचत नाही म्हणून रडत बसलो आहोत!

त्यानंतर काही दशकांनी याच गावी महात्मा बसवेश्वर आणि शरण आले. त्यांनी ‘कायक’ हा शब्द दिला. आमच्या घरातून मराठी बोलली जात असली तरी हा शब्द आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. दोरखंड वळणारा, होडी चालवणारा, चप्पल शिवणारा, प्रत्येकाचे काम हेच त्याचे कायक, आणि त्याच लोकांनी वचनेही रचली. वचन रचण्यासाठी त्यांनी काम सोडले नाही. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. मारय्या रोज सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणी. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत नेऊन टाकायला लावले.

लेखकाने ही गोष्ट उशाशी ठेवावी. तिच्यात दोन धडे आहेत. रोज जायचे आणि रोज वेचायचे, हा पहिला. मापापेक्षा जास्त उचलायचे नाही, हा दुसरा. एका रात्रीत चाळीस पाने लिहून पुढचे दोन महिने वही न उघडणारा लेखक पहिला धडा मोडतो. तीनशे भागांची गोष्ट तीन हजारांपर्यंत ओढणारी वाहिनी दुसरा मोडते.

बावीस मिनिटांचा हिशेब

मालिका हे प्रकरण मुळात काय आहे, तेही पाहू. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे बरीच वर्षे मालिका म्हणजे आठवड्याला एक भाग आणि बहुधा तेरा भागांत आटोपलेली गोष्ट, असा मामला होता. तेरा भाग लिहिणाऱ्याला मूडची वाट पाहणे परवडत असे. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी वाहिनी आली; तीच आजची झी मराठी. जुलै २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, २००८ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह आली. वाहिनीला जाहिरात रोज विकायची असते, त्यासाठी प्रेक्षक रोज त्याच वेळी त्याच जागी बसलेला लागतो. म्हणून आठवड्याची मालिका रोजची झाली. २००१ साली ई टीव्हीवर सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ मध्ये थांबली, तेव्हा तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले होते.

आता साधे गणित मांडू. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की गोष्टीला साधारण २२ मिनिटे उरतात. आठवड्याचे सहा भाग धरले तर १३२ मिनिटे झाली. म्हणजे दर आठवड्याला एक पुरा चित्रपट, आणि तोही वर्षभर न थांबता. हे एका माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून कामाची वाटणी झाली. एक जण कथा पुढे नेतो, दुसरा पटकथा म्हणजे दृश्यांचा क्रम बांधतो, तिसरा संवाद लिहितो. कथा अडली की पटकथा अडते, पटकथा अडली की संवाद अडतात, आणि संवाद आले नाहीत तर सेटवर दिवे लावून बसलेल्या पन्नास-साठ माणसांचा दिवस वाया जातो. त्यातच मुख्य नटी आजारी पडते. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि वाहिनीचा निरोप येतो की मामाचे पात्र लोकांना आवडलेले नाही, त्याला गावी पाठवा. रातोरात नवी दृश्ये लागतात. अशा ठिकाणी ‘मूड’ या शब्दाला काय किंमत असणार? तिथे किंमत आहे ती सवयीला.

‘हम लोग’ ही मालिका ७ जुलै १९८४ पासून दूरदर्शनवर दाखवली जाऊ लागली. आपल्या देशातील लांब पल्ल्याच्या मालिकांची ती आद्य मालिका. तिचे दीडशेहून अधिक भाग मनोहर श्याम जोशी यांनी लिहिले. त्यांच्याच्याने ते कसे झाले? त्याआधी ते ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादक होते. दर आठवड्याला अंक निघालाच पाहिजे, या चाकोरीतून गेलेला माणूस होता तो. छापखान्याची वेळ ज्याने सांभाळली आहे, त्याला चित्रीकरणाची वेळ परकी वाटत नाही.

रतीब आणि वाङ्मय

इथे व्यासपीठावरचे ज्येष्ठ खाकरतात. ‘‘म्हणजे रतीबच घालायचा की! रतीब घालणाऱ्याकडून वाङ्मय कसे निर्माण होणार?’’

आक्षेप जुना आहे, त्याचे उत्तरही जुनेच आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही मराठी कादंबरीचा मानदंड ठरलेली कृती त्यात हप्त्याहप्त्याने आली. आठवडा उलटला की मजकूर हवा, खिळे जुळवणारा वाट पाहत बसलेला. यमूची कहाणी अशी रतीब घालून लिहिली गेली, म्हणून ती खोटी झाली का? तिकडे इंग्लंडात डिकन्सने १८३६ पासून ‘पिकविक पेपर्स’ महिन्याच्या महिन्याला भाग देऊन लिहिले. मनोहर श्याम जोशींचे म्हणाल, तर मालिकांचे हजारो संवाद लिहून झाल्यावर त्यांच्या ‘क्याप’ या कादंबरीला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या दिलीप प्रभावळकरांचे ‘अनुदिनी’ घ्या. त्यावरून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली आणि अजूनही घराघरांतून ती आठवणीने पाहिली जाते.

दूध पातळ असेल तर दोष पाणी घालणाऱ्याचा, रतिबाचा नव्हे. रोज दूध घालणारा गवळी दुधात पाणी घालतोच असे कुणी म्हणेल काय? आजच्या पुष्कळ मालिका वाईट आहेत, हे मला मान्य आहे. एकच गैरसमज सहा महिने चालतो, मेलेले पात्र परत येते, लग्नाचा मुहूर्त महिनाभर टळत राहतो. पण हे रोज लिहिल्यामुळे होत नाही. गोष्ट संपल्यावरही ती विकत राहण्याच्या हव्यासातून होते. लक्कम्मा कुणी वाहिनीत बसलेली नाही, हे त्याचे कारण. चांगल्या लेखकांनी त्या वाटेला जाऊ नये म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, चांगले गेले नाहीत तर तिथे उरणार कोण?

उत्साह कमी, बेत जास्त

आता तरुणाकडे वळतो, कारण त्याचे दुःख खरे आहे. हल्ली गावोगाव प्रेरणा देणारे वक्ते फिरतात. यशाचे सात मंत्र सांगतात, टाळ्या घेतात, पाकीट घेतात आणि पुढच्या गावी जातात. तो उत्साह बसस्टँडपर्यंतही टिकत नाही. याचे कारण असे की, उत्साह हा कामाच्या आधी येत नाही, कामाच्या मागून येतो. तुरीची रास करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पहाटे उठताना त्याला कधीच उत्साह नसतो. दुपारी खळ्यावर ढीग दिसू लागला की हात आपोआप चालतात. लेखकालाही ढीग दिसावा लागतो.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वेळ बांधून घेणे. दोन तास पुरेत, पण ते रोजचेच. शाळेत, दुकानात किंवा शेतात जाण्यापूर्वीचे असतील तर उत्तम. दुसरी गोष्ट म्हणजे माप. पटकथेच्या ठरलेल्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. रोज दोन पाने लिहिली तर अकरा दिवसांत एक भाग होतो. सणवार, लग्नकार्ये, दुखणी वगळून वर्षाचे ३०० दिवस धरा. ६०० पाने होतात, म्हणजे २७ भाग. वर्षाला सत्तावीस भाग! हे ऐकून ज्याचे डोळे मोठे होतात, त्याने रोजची दोन पाने हा आकडा किती लहान आहे ते पाहावे. एका साध्या वहीत तारीख आणि पानांची संख्या लिहीत जावे. त्या दिवशी मन कसे होते, हे लिहू नये. महिन्याच्या शेवटी वही पाहिली की कळते, रडत लिहिलेली पाने आणि हसत लिहिलेली पाने वेगळी ओळखता येत नाहीत.

तिसरी गोष्ट, शिकायचे कसे. मालिका पाहून शिकता येत नाही, उसवून शिकता येते. शिंपी जुने झबले उसवून कापड कसे बेतले ते पाहतो, तसा एखादा प्रसारित झालेला भाग घेऊन बसा. दृश्य पहिले: कोण आहे, त्याला काय हवे आहे, आडवा कोण येतो? जाहिरातीपूर्वी कोणता प्रश्न लोंबकळत ठेवला? असे पन्नास भाग उसवले की शिवण हाताला कळते.

चौथी गोष्ट फार महत्त्वाची, पुरे करणे. दहा मालिकांच्या दहा सुरुवातींपेक्षा एका मालिकेची एक पानाची कथा, प्रमुख पात्रांची ओळख आणि पहिले तीन भाग संपूर्ण लिहिलेले, याला निर्मात्याच्या दारी किंमत आहे. नकार मिळेल. पुष्कळदा त्या नकाराशी तुमच्या लेखणीचा संबंधही नसतो. त्या वेळेची जागा भरलेली असते, तसाच विषय दुसऱ्या वाहिनीवर चालू असतो, किंवा खर्च परवडत नसतो. म्हणून पहिली कथा पाठवली त्याच दिवशी दुसरीचे पहिले पान लिहावे. पोस्टमनची वाट पाहणे हे कायक नव्हे.

पाचवी, सोबत. अनुभव मंटपात शरण एकत्र बसत, आपला अनुभव मांडत, दुसरे त्याला प्रश्न विचारत. नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी बसवकल्याणात २०२१ च्या जानेवारीत झाली, वास्तू भव्य होईल यात शंका नाही. पण आपल्याला त्यासाठी थांबायला नको. तीन-चार जणांनी दर रविवारी एकाच्या माडीवर जमावे आणि आठवड्याची पाने मोठ्याने वाचावीत. संवाद खोटा असेल तर तो वाचतानाच जिभेला अडतो. तिथे ‘वा वा’ म्हणणाऱ्याला चहा देऊ नये.

फुकट लिहू नका

आता एक कटू विषय. माणसाचे मन कामातून उडते त्याचे सर्वांत मोठे कारण आळस नाही, फुकटेपणा आहे. आणि तो घेणाऱ्याचा आहे. आमच्याकडे मंडप घालणाऱ्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, हारवाल्याला मिळतात. कवीला मिळते ते नारळ आणि शाल. सीमाभागातले दिवाळी अंकही मानधनाच्या बाबतीत फार ताठ मानेने बोलू शकणार नाहीत. संपादकांनी हे वाक्य छापले तर त्यांचा मोठेपणा. ज्याला पंधरा वर्षे गावाने फुकट लिहायची सवय लावली, तो शहरात जाऊन ‘‘आधी लिहून तर आणा, मग पाहू’’ असे म्हणणाऱ्यासमोर ताठ कसा उभा राहणार? कायकाची कल्पना श्रमाला प्रतिष्ठा देते. त्या श्रमाचे फळ दासोहात द्यायचे, पण दासोह करायलाही आधी हातात काही पडावे लागते!

मालिकेच्या धंद्यात पैसे भागावर मिळतात, आणि नव्वद दिवसांची उधारी तिथे रूढच आहे. आज लिहिलेल्या पानाचा मोबदला तीन महिन्यांनी येतो. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणे बंद पडली, तेव्हा भागावर जगणाऱ्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. म्हणून माझा रोखठोक सल्ला असा: हातची नोकरी किंवा शेती आवेशात सोडू नका. निदान सहा महिन्यांचे दाणे कणगीत असल्याशिवाय मुंबईची गाडी धरू नका. पोटाची काळजी असलेला माणूस लिहू शकतो; उद्याच्या भाड्याची भीती असलेला माणूस फक्त होकार देतो.

आणि कागद वाचायला शिका. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन; तिथे आपली कथा-पटकथा नोंदवता येते. मालिका, नाटक आणि चित्रपट लिहिणाऱ्या मराठी लेखकांची ‘मानाचि’ ही संघटना आहे. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि लेखकाच्या स्वामित्वधनाचा हक्क कायद्याने मान्य केला. कायद्यातला हक्क मागितल्याशिवाय हातात पडत नाही, हे आम्हा सीमावासीयांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. २०२३ साली अमेरिकेतले पटकथालेखक २ मेपासून १४८ दिवस संपावर होते. मोबदल्याबरोबरच यंत्राकडून लेखन करून घेण्यावर बंधन घालावे, ही त्यांची मागणी होती. रोज लिहिणारे हात एकत्र आले म्हणूनच त्यांचा शब्द राहिला.

आमची बोली, आमचे भांडवल

यंत्राचा विषय निघाला म्हणून सांगतो. यंत्रालाही मूड लागत नाही. मग माणसाकडे उरते काय? उरते ती त्याची गल्ली.

आमच्या मुलांना वाटते, आपली मराठी अशुद्ध. ‘काय करलालास’ म्हटले की पुण्याकडचे पाहुणे हसतात. आजीला ‘अव्वा’ म्हणतो, थोरल्या बहिणीला ‘अक्का’, बाजारात दखनी बोलतो, तालुका कचेरीत कन्नड. या मिश्रणाची लाज वाटून मुले लिहायला बसली की कुठल्या तरी सदाशिव पेठेतल्या, कधी न पाहिलेल्या घराचे संवाद लिहितात. ते खोटे पडतात, आणि मग ‘उत्साह संपला’ अशी तक्रार येते. खोटे लिहिताना उत्साह संपणारच.

२०१६ साली आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरांत नेली. त्याच वर्षी ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपुरी बोलू लागली. पुढच्याच वर्षी तेजपाल वाघ यांच्या ‘लागिरं झालं जी’ने सातारकडची भाषा ऐकवली. कुणी हसले नाही. लोकांनी त्या मालिका डोक्यावर घेतल्या. बिदर-भालकी-बसवकल्याणच्या बोलीला हा मान अजून मिळायचा आहे, आणि तो मुंबईचा लेखक मिळवून देणार नाही. त्याला ‘करलालास’ लिहिताच येणार नाही.

शिवाय आपल्याला दुसरी भाषा फुकटात मिळाली आहे. कन्नडमध्ये टी. एन. सीताराम यांनी १९९८ च्या ‘मायामृग’पासून रोजच्या मालिकेतही विचार करायला लावणारी माणसे उभी करता येतात, हे दाखवून दिले. आमच्या मुलांना ते भाषांतराशिवाय कळते. मराठीतली ‘अग्गंबाई सासूबाई’ कन्नडमध्ये ‘श्रीरस्तु शुभमस्तु’ होऊन गेली. अशी देवघेव चालू असताना दोन्ही घरांत वावरणारा लेखक हा नुसता दुभाषी नाही, तो सोयरीक जुळवणारा आहे. आपल्या सस्तापूर बंगल्यावरून जाणाऱ्या हमरस्त्याने एका बाजूला पुणे आहे, दुसऱ्या बाजूला पावणेदोनशे किलोमीटरवर हैदराबाद. ई टीव्ही मराठीचा कारभार त्या हैदराबादेच्या रामोजी फिल्म सिटीतून चालला होता, हे आपण किती लवकर विसरलो! विक्रमादित्याच्या दरबारात बिल्हण काश्मिरातून आला होता. मथुरा, कनोज, काशी, गुजरात अशी दारे ठोठावत तो कल्याणला पोहोचला आणि इथे विद्यापती झाला. काश्मिरी पंडिताला पोटासाठी कल्याण दूर वाटले नाही, तर कल्याणच्या मुलाला मुंबई दूर वाटायचे कारण काय?

घरातल्या वडीलधाऱ्यांना

शेवटचे बोलणे घरातल्या माणसांशी. आपल्या घरातला व्यवहार पाहा. मूल कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जाते. सातबाऱ्याला आपल्याकडे पहाणी म्हणतात आणि ती कन्नडमध्ये येते. त्याबद्दल कन्नडवर राग धरायचे कारण नाही; तीही आपलीच भाषा आहे. पण पुष्कळ घरांत बाहेरून रोज आत येणारी मराठी आता एकच उरली आहे, संध्याकाळच्या मालिकेतली. पुस्तके येत नाहीत, वर्तमानपत्र बंद झाले, पत्रे कुणी लिहीत नाही. नातवंडाच्या कानावर जी मराठी पडते, ती आजीची आणि त्या अर्ध्या तासाची. तो अर्धा तास कुणी लिहायचा, हा प्रश्न सीमाभागाच्या दृष्टीने करमणुकीचा नाही, भाषेच्या जगण्याचा आहे. ठरावांनी भाषा टिकत नसते. ती रोज कुणीतरी, कुणासाठी तरी, बोलावी आणि लिहावी लागते.

तेव्हा घरात असा कुणी मुलगा किंवा मुलगी लिहीत बसली असेल, तर तिला पहाटेचे दोन तास आणि एक कोपरा द्या. त्या वेळात दळणाला पाठवू नका. ‘‘तुझे नाव टीव्हीवर कधी येणार?’’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर तिच्या हातात नाही. ‘‘आज किती पाने झाली?’’ एवढे विचारा. त्याचे उत्तर तिच्या हातात आहे. साहित्य मंडळांनी वर्षातले एक कविसंमेलन कमी करून त्या पैशात आठवड्याची एक वाचनबैठक चालवावी, आणि वाचणाऱ्याला थोडे का होईना मानधन द्यावे. ज्येष्ठांनी मालिकांना शिव्या द्याव्यात, अवश्य द्याव्यात, पण एखाद्या नवख्याची वीस पाने वाचून दिल्यावर द्याव्यात.

आणि तरुणांनो, स्फूर्तीची चौकशी करणे आता सोडा. नऊशे वर्षांपूर्वी सोमेश्वराने ज्या बाईची नोंद केली, तिचे नाव त्याने लिहिले नाही. तिलाही आपण मोठे काही करतो आहोत असे वाटले नसेल. समोर धान्य होते आणि ते कांडायचे होते. उद्या पहाटे तुमच्यासमोर दोन कोरी पाने असतील. मुसळ उचला.